उठावाच्या विणी : क्रोशे शिकताना सुरुवात कुठून करावी?

साखळी जमली, मुका खांब जमला, खांबही सरळ रांगेत उभे राहू लागले, की क्रोशे शिकणाऱ्याची नजर उठावाच्या विणींकडे वळते. कुठे टपोरे गोळे, कुठे चौकोनी खळगे, कुठे एकमेकींवरून गेलेल्या वेण्या, कुठे एकावर एक बसलेले खवले. पाहताक्षणी हात शिवशिवतात आणि लगेच धीरही सुटतो, कारण हे काम मुरलेल्या हातांचंच असणार असं वाटतं. मग काही जण वर्षानुवर्षं सपाट मफलरच विणत राहतात, तर काही जण थेट सगळ्यात अवघड वीण हाती घेतात आणि चार ओळींत लोकर कपाटात टाकतात.

हे दोन्ही टाळता येतं. उठावाच्या विणींसाठी नवे टाके फारसे शिकावे लागत नाहीत. येत असलेलेच टाके वेगळ्या जागी किंवा वेगळ्या तऱ्हेने घालायचे असतात. म्हणून इथे कस लागतो तो नजरेचा. आधीच्या ओळीतला प्रत्येक टाका ओळखता आला, की वीण समजते. तो ओळखता आला नाही, तर पाठ केलेली कृतीही मध्येच हातून निसटते. उठाव कसा तयार होतो, कोणत्या विणी सोप्या, कोणत्या अवघड, सामान कसलं घ्यावं आणि शिकावं कुणाकडून, हे सगळं या एका अंगाने पाहू.

उठाव येतो कसा

आधी शब्द नक्की करून घेऊ. सुई घरात (खालच्या ओळीतल्या टाक्याच्या जागी) घालून दोरा ओढला आणि सुईवरच्या दोन वेढ्यांतून एकदम काढला, तर तो मुका खांब. सुई घरात घालण्याआधी तिच्यावर एक वेढा घेतला आणि मग दोन-दोन वेढ्यांतून असा दोनदा दोरा काढला, तर तो खांब. तसाच आधी वेढा घेऊन तिन्ही वेढ्यांतून दोरा एकदम काढला, तर अर्धा खांब. प्रत्येक टाक्याला वर डोकं असतं आणि खाली अंग असतं. डोक्यावर दोन धागे शेजारी-शेजारी दिसतात. नेहमीच्या विणीत सुई या दोन्ही धाग्यांखालून जाते. उठावाच्या विणींत एक तर हा नेम मोडला जातो, नाही तर टाक्यांची उंची, संख्या किंवा थर बदलले जातात. अशा पाच मुख्य तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा अर्ध्या डोक्याची. दोनांपैकी फक्त मागचा धागा उचलायचा. पुढचा धागा मोकळा राहतो आणि ओळीभर त्याची कड उमटते. मुक्या खांबांच्या ओळी अशा विणल्या, की पट्टी लवचीक होते. टोपीची कड, बाहीचं मनगट, मोज्याचा वरचा भाग यांसाठी ती आडवी लावतात.

दुसरी तऱ्हा उंच-बुटक्या टाक्यांची. एकाच ओळीत एक मुका खांब, एक खांब असं आलटून पालटून घालायचं. पुढच्या ओळीत मुक्या खांबावर खांब आणि खांबावर मुका खांब. बुटका टाका शेजारच्या उंच टाक्याला खाली खेचतो, उंच टाका बाहेर फुगतो आणि कापडभर दाणे उठतात. सुई इथे नेहमीच्याच जागी जाते, त्यामुळे पहिल्या उठावासाठी ही वीण उत्तम.

तिसरी तऱ्हा अंगाभोवतीची. डोक्यात सुई न घालता खालच्या खांबाच्या अंगालाच वळसा घालून टाका काढायचा. विणणारे याला ‘पोस्ट’चा टाका म्हणतात. पुढून वळसा घातला तर तो खांब पुढे उचलला जातो, मागून घातला तर मागे ढकलला जातो. चौकोनी खळग्यांचं वॅफल, बास्केट, उभ्या पट्ट्या आणि वेण्या ही सगळी मंडळी याच घरातली. वेणीत एवढंच जास्त, की पुढचे टाके आधी आणि मागे राहिलेले नंतर विणायचे. मग एक जोडी दुसरीवरून तिरकी जाते.

चौथी तऱ्हा गर्दीची. एकाच घरात अनेक टाके कोंबून त्यांची तोंडं एकत्र बांधायची. जागा एका टाक्याची आणि टाके पाच, म्हणून ते बाहेर फुगतात. पफ, बॉबल आणि पॉपकॉर्न या तीन विणी अशाच होतात.

पाचवी तऱ्हा थरांची. आधी जाळी विणायची आणि तिच्या खांबांवर वरून दुसरं विणकाम चढवायचं. क्रोकोडाइल म्हणून ओळखली जाणारी खवल्यांची वीण ही त्यातली सगळ्यात प्रसिद्ध. प्रत्येक घरात वाजवीपेक्षा जास्त टाके घालून तयार होणारी झालरही याच्याच शेजारची. या झालरीचा एक उपयोग तर गणितात झाला. कॉर्नेल विद्यापीठात दायना तायमिना यांनी १९९७मध्ये ठरावीक प्रमाणात टाके वाढवत ‘हायपरबोलिक’ भूमितीचा पृष्ठभाग क्रोशाने विणला आणि विद्यार्थ्यांच्या हातात दिला. कागदावर नीट न समजणारा तो आकार विणीत हाताला लागला.

हा वारसा कुठला

छापील स्वरूपात क्रोशाचे नमुने सापडतात ते एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून. ‘पेनेलोपे’ या डच नियतकालिकात १८२३मध्ये ते आले होते. उठावाच्या कामाला मोठी चालना मिळाली ती आयर्लंडमध्ये, आणि तीही संकटातून. १८४५पासून तिथे बटाट्याचं पीक सडलं आणि भीषण दुष्काळ पडला. कॉर्कजवळ ब्लॅकरॉकच्या उर्सुलाइन पंथाच्या जोगिणींनी मुलींना क्रोशे शिकवलं. क्लोन्स गावात धर्मगुरूंच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांनी १८४७च्या सुमाराला लेसचं काम सुरू करून दिलं. व्हेनिसची सुईने केलेली उठावाची लेस तेव्हा श्रीमंतांच्या अंगावर असे. ती विणायला फार वेळ लागे. आयरिश बायकांनी तोच उठाव क्रोशाने साधला. जाड दोरीवरून टाके घालून फुलांच्या कडा भरीव केल्या, गुलाबाच्या पाकळ्या एकामागे एक थरांत विणल्या आणि मग ही सुटी फुलं-पानं जाळीने जोडली. त्या मिळकतीवर अनेक घरांनी दुष्काळ काढला.

भारतात हे काम मोठ्या प्रमाणावर आलं ते मिशनऱ्यांबरोबर. आंध्र प्रदेशात गोदावरीच्या मुखाजवळचं नरसापूर हे त्याचं सगळ्यात मोठं केंद्र. तिथल्या क्रोशाच्या लेसला आता भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. मारिया मीस या अभ्यासक बाईंनी ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ या १९८२च्या पुस्तकात दाखवून दिलं, की जगाच्या बाजारात विकली जाणारी ही लेस विणणाऱ्या बायकांना मजूर म्हणून कुणी मोजतच नव्हतं. घरात बसून फावल्या वेळी केलेलं काम, असं म्हणून त्यांची मजुरी अगदी खाली ठेवली जात होती. क्रोशे शिकणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, कारण बाजारात चालेल असं क्रोशे विणणारं यंत्र आजही नाही. यंत्रावरचं जे कापड ‘क्रोशे’ म्हणून विकतात, ते वेगळ्याच विणीचं असतं. म्हणजे दुकानातला खऱ्या क्रोशाचा प्रत्येक टाका कुणाच्या तरी हातचा आहे. स्वतः दहा गोळे विणले, की तो कपडा एवढा स्वस्त कसा, हा प्रश्न आपोआप पडतो.

मराठी घरांत आणि गोव्यात क्रोशे जुनं आहे, पण ते मुख्यतः पांढऱ्या बारीक सुती दोऱ्याचं आणि जाळीचं. टेबलावरचा रुमाल, दारावरचं तोरण, उशीच्या अभ्र्याची लेस, बाळाचं टोपडं. बारीक स्टीलच्या सुईने केलेलं ते काम विलक्षण नाजूक असतं. त्यामुळे घरातली आजी किंवा मावशी क्रोशात तरबेज असली, तरी जाड लोकरीच्या वॅफलची ओळख तिला असेलच असं नाही. तरीही तिच्याकडेच जावं. खांब आणि साखळी तिला कळते. नवी वीण ती नुसती पाहून सोडवते.

सामान साधं असावं

उठावाची वीण शिकायला काळी, गडद निळी किंवा केसाळ लोकर घेऊ नये. टाक्याचं डोकं आणि अंग दिसलंच पाहिजे, आणि ते फिक्या, एकरंगी, गुळगुळीत लोकरीतच दिसतं. मध्यम जाडीची लोकर आणि साडेचार-पाच मिलिमीटरची सुई ही जोडी बऱ्याच हातांना सोयीची पडते. वीण घट्ट होऊन सुई आत शिरत नसेल, तर अर्धा मिलिमीटर मोठी सुई घ्यावी. बोटांनी जोर लावत बसू नये.

आपल्याकडे लोकरीच्या गुंड्यावर चार प्लाय, आठ प्लाय असं लिहिलेलं असतं. तो आकडा मुळात धाग्यातल्या पदरांचा. जाडी नेमकी सांगत नाही. दोन कंपन्यांची सारख्याच प्लायची लोकर कमी-जास्त जाड निघू शकते. सुईचंही तसंच. बारीक स्टीलच्या सुयांवरचे नंबर उलटे चालतात, नंबर वाढला की सुई बारीक होते. म्हणून सुई मिलिमीटरमध्येच मागावी.

उठावाच्या विणीला सपाट विणीपेक्षा लोकर जास्त लागते, आणि अंगाभोवतीच्या टाक्यांनी रुंदीही आवळते. मोठं काम धरण्याआधी वितीएवढा नमुना विणून मोजावा आणि त्यावरून लोकर एकदमच आणावी, म्हणजे रंगात फरक पडत नाही.

दोन गोष्टी मात्र सक्त लक्षात ठेवायच्या. अ‍ॅक्रिलिकवर इस्त्री फिरवायची नाही. उष्णतेने तंतू मऊ पडतात आणि मेहनतीने आणलेला उठाव कायमचा बसतो. आणि गरम भांडी धरायची चौकटी विणायची असेल तर सुती दोराच वापरायचा. वॅफल जाड होतं म्हणून नवशिके पहिल्यांदा हीच वस्तू करतात, पण तापलेल्या कढईला अ‍ॅक्रिलिक लागलं तर ते वितळून हाताला चिकटू शकतं.

एक वीण जवळून : वॅफल

पोस्टचा टाका एकदा समजला, की उठावाचं निम्मं शास्त्र समजतं. तो शिकायला वॅफलइतकी चांगली वीण नाही, कारण चूक झाली तर ती लगेच डोळ्यांना दिसते.

२३ साखळ्या घाला. सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब आणि पुढे प्रत्येक साखळीत एक-एक खांब. सुरुवातीला सोडलेल्या तीन साखळ्या हा एक खांब धरला, की ओळीत २१ खांब होतात. ते मोजा आणि मगच पुढे जा.

आता काम उलटवून दोन साखळ्या घाला. हा दुसऱ्या ओळीचा पहिला खांब. नेहमी तीन घालतो, इथे दोनच, कारण पोस्टचा खांब खालून सुरू होतो आणि थोडा बुटका राहतो. तीन साखळ्या घातल्या तर कडा सैल पडतात. पुढच्या खांबाभोवती पुढून पोस्ट घालायचा. सुईवर वेढा घ्या. सुई खांबाच्या उजव्या बाजूने समोरून मागे न्या, खांबाच्या पाठीमागून फिरवा आणि डाव्या बाजूने पुन्हा समोर काढा. आता तो खांब सुईच्या पुढे उभा दिसेल. दोरा ओढून नेहमीसारखा खांब पूर्ण करा. त्यापुढच्या दोन घरांत साधे खांब. मग पुन्हा एक पोस्ट, दोन साधे. शेवटी एक पोस्ट येईल आणि उरलेला साधा खांब आधी सोडलेल्या साखळ्यांच्या टोकात.

तिसऱ्या ओळीत नेमकं उलट. दोन साखळ्या, मग ज्या घरात पोस्ट होता त्याच्या डोक्यात साधा खांब, आणि ज्या दोन घरांत साधे खांब होते त्या दोघांभोवती पुढून पोस्ट. ओळीच्या टोकापर्यंत असंच, आणि शेवटी काठाचा साधा खांब. यानंतर दुसरी आणि तिसरी ओळ आलटून पालटून. पाच-सहा ओळींनी एका बाजूला, म्हणजे सुलट बाजूला, उभ्या-आडव्या कडा आणि मध्ये खोल चौकोन दिसू लागतात. उभी कड एकट्या पोस्टची. आडवी कड तिसऱ्या ओळीतून येते: त्या जोडीला उलट्या बाजूने वळसा घातल्यामुळे तिचं डोकं सुलट बाजूला ढकललं जातं. हे एकदा नीट पाहून घेतलं, की कृती पाठ करावी लागत नाही. काम उलटवायचं, खालचे टाके पाहायचे आणि कुणावर काय घालायचं ते त्यांनाच विचारायचं.

इथे दोन ठिकाणी हमखास चुकतं. पोस्ट घातल्यावर त्याच खांबाचं डोकं वर मोकळं दिसतं आणि पुढचा साधा खांब चुकून त्यातच जातो. एका खांबावर दोन टाके झाले की ओळ फुगते. पोस्टच्या मागचं डोकं नेहमी सोडायचं. दुसरी चूक काठाची. शेवटचा खांब साखळ्यांच्या टोकात घालायचा राहून जातो, दर ओळीला एक टाका गळतो आणि चौकोन हळूहळू त्रिकोणाकडे झुकतो. दोन्ही काठांच्या टाक्यांत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा किंवा सेफ्टी पिन अडकवावी आणि दर ओळीला २१ मोजावेत.

गोळ्यांची तीन भावंडं

पफ, बॉबल आणि पॉपकॉर्न फोटोत सारखे वाटतात, पण हाताला वेगळे लागतात. बॉबलमध्ये एकाच घरात पाच खांब घालायचे, पण प्रत्येकाचा शेवटचा वेढा सुईवरच ठेवायचा. सुईवर सहा वेढे जमले, की सगळ्यांतून दोरा एकदम काढायचा. पॉपकॉर्नमध्ये पाचही खांब पूर्ण करायचे, मग सुई वेढ्यातून काढून पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची आणि सुटा वेढा त्यातून ओढून घ्यायचा. पफमध्ये खांब पुरा होतच नाही. वेढा घ्यायचा, दोरा उंच ओढायचा, पुन्हा वेढा, पुन्हा ओढायचा. तीन-चार वेळा झालं की सगळ्यांतून एकदम काढायचं.

पॉपकॉर्न सगळ्यात टणक आणि उठून दिसणारा, पण लोकर खातो आणि दरवेळी सुई काढावी लागते. पफ सगळ्यात मऊ, पण प्रत्येक दोरा सारख्या उंचीचा ओढणं नवशिक्याला जड जातं. शिवाय त्याचे सैल दोरे बांगडीत अडकतात, त्यामुळे लहान बाळाच्या वस्तूंना तो फारसा बरा नाही. बॉबल मधला. गोळ्यांची सुरुवात बॉबलनेच करावी.

बॉबलबद्दल नवशिक्यांची मोठी तक्रार असते, की गोळा मागेच जातो. तो जाणारच, बॉबल विणणाऱ्यापासून दूर, पलीकडच्या बाजूला फुगतो. म्हणून बॉबलची ओळ कापडाची उलट बाजू आपल्याकडे असताना विणतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंना घट्ट मुके खांब घालतात, म्हणजे गोळा सुलट बाजूला ठसठशीत उभा राहतो. पॉपकॉर्नची दिशा मात्र आपल्या हातात असते. पहिल्या खांबात सुई समोरून घातली तर तो पुढे उठतो, मागून घातली तर मागे.

शिकावं कुणाकडून

शेजारी बसून शिकवणाऱ्या माणसाला पर्याय नाही. दोरा बोटावर किती आवळला आहे, सुई कशी धरली आहे हे त्याला दिसतं. व्हिडिओला दिसत नाही. पण जिथे असं कुणी नाही, तिथे व्हिडिओने मोठी सोय केली आहे. पुन्हा मागे घेता येतो, संथ करता येतो, आणि डावखुऱ्यांना चित्र आरशासारखं उलटवून पाहता येतं. मात्र व्हिडिओबरोबर नुसते हात चालवत राहिलं, तर मोबाइल बंद केल्यावर वीणही बंद पडते. चार ओळी पाहून विणाव्यात आणि पाचवी न पाहता.

इंग्रजी लिखित कृती वाचताना ती ब्रिटिश आहे की अमेरिकन हे आधी तपासावं. आपला मुका खांब अमेरिकन कृतीत ‘सिंगल’ असतो आणि ब्रिटिश कृतीत ‘डबल’. आपला खांब अमेरिकनांचा ‘डबल’ आणि ब्रिटिशांचा ‘ट्रेबल’. कृतीत ‘सिंगल’ हा शब्द कुठेही आला तर ती अमेरिकन, कारण आजच्या ब्रिटिश पद्धतीत ते नाव वापरत नाहीत.

आणि ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी चिन्हांच्या आकृत्या जरूर शिकाव्यात. लांबट गोल म्हणजे साखळी, फुली किंवा अधिकचं चिन्ह म्हणजे मुका खांब, टोपीसारखी आडवी रेघ असलेली उभी काठी म्हणजे अर्धा खांब आणि तिच्या अंगावर एक तिरकी रेघ आली की खांब. काठीचं टोक खाली आकडीसारखं वळलं असेल तर पोस्ट. ही चिन्हं कळली की जपानी पुस्तकातली वीणही भाषा न कळता विणता येते. मराठीत अशा आकृत्यांची चांगली पुस्तकं यायला हवीत. आपल्याकडे शिकवणारे हात आहेत आणि शिकणारेही आहेत, पण मधला कागद नाही, म्हणून एका पिढीचं पुढच्या पिढीकडे जाताना बरंच गळतं.

निष्कर्ष

क्रम माझ्या मते असा असावा: आधी मागच्या धाग्यातली पट्टी, मग उंच-बुटक्या टाक्यांची दाणेदार वीण, मग वॅफल, त्यानंतर बॉबल आणि पॉपकॉर्न, मग वेण्या, आणि सगळ्यात शेवटी खवल्यांची वीण. पहिल्या दोन विणींत टाक्याचं डोकं ओळखायला शिकतो, वॅफलमध्ये अंग, बॉबलमध्ये कापडाच्या दोन बाजू. या तीन गोष्टी ओळखता आल्या, की पुढची कोणतीही वीण अनोळखी राहत नाही. क्रम उलटा केला तर वीण कदाचित जमेल, पण ती का जमली हे कळणार नाही, आणि चुकली तर कुठे चुकली हेही नाही.

उसवायला घाबरू नका. क्रोशात एका वेळी सहसा एकच वेढा सुईवर उघडा असतो, त्यामुळे चुकलेल्या टाक्यापर्यंत उसवून तिथून पुन्हा सुरुवात करता येते. दोन सुयांच्या विणकामासारखी सगळी ओळ सुटण्याची भीती नाही. तेव्हा फिक्या रंगाचा एक गुंडा आणि एक सुई आणा, २३ साखळ्या घाला, आणि वॅफल जमलं की शेजारच्या कुणाला तरी ते दाखवून शिकवा. शिकवताना जिथे अडाल, तेवढंच तुमचं शिकायचं राहिलं आहे.